अप्पांचा कुकर आणि माझं पुस्तक

आमच्या शेजारचे अप्पा कुकरला 'साहेब' म्हणतात. "आधी ओरडतंय, मग आपोआप थंड होतंय. थंड व्हायच्या आत तोंड उघडायला गेलात की मेलात," असं त्यांचं म्हणणं. वीज कार्यालयात सगळी नोकरी झाली, तेव्हा साहेब त्यांनी जवळून पाहिलेले असणार.

लातुरातली आमची गल्ली शिकवणीच्या पोरापोरींनी भरलेली आहे. लोहा, भोकर, देवणी, कुठून कुठून येतात, खोली घेतात आणि डब्याला कंटाळले की स्वतः रांधायला बघतात. त्यांच्यासाठी मी एक पुस्तिका काढली होती. मी शाळेत गृहविज्ञान शिकवायची. तांदूळ किती, पाणी किती, आच किती, सगळं नीट लिहून छापून घेतलं. पोरांनी ती प्रेमाने नेली. नंतर एका खोलीत तिच्यावर गरम पातेलं ठेवलेलं मी डोळ्यांनी पाहिलं.

आणि अप्पांनी पाककृती लिहून झेरॉक्स काढलेल्या चार कागदांवर मात्र झुंबड. 'घाबरू नगा, कांदा रडवतो पण तो नातेवाईक न्हाई.' 'फोडणी तडतडली की समजा सप्लाय आला.' पोरं गच्चीत मोठ्याने वाचायची आणि हसायची. मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. असल्या चावटपणाने कुणी वरण शिकतं का? चूक काढायचीच म्हणून एकदा दार लावून मी अप्पांच्या कागदाप्रमाणे पिठलं केलं. उत्तम झालं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग एका सकाळी देवणीची सारिका दारात आली. हातात अप्पांचा कागद, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.

"बाई, यात लिहिलंय, मीठ हात आखडून, पाहुणे सासरचे असल्यासारखं. म्हणजे किती?"

"अर्धा चमचा," मी म्हणाले.

"सपाट का वर आलेला?"

"सपाट."

तिचा चेहरा सैल झाला. मी दिलेली पुस्तिका छातीशी धरून ती गेली आणि मी पदर खोचून थेट अप्पांकडे. ते परातीत ज्वारीचं पीठ मळत होते.

"अप्पा, तुमचे विनोद सगळ्यांना कळत नाहीत बरं का. सारिका माझ्याकडे आली होती."

"हाव. मीच धाडलं," अप्पा म्हणाले. "ती पोरगी आधीच भेदरलेली हाय. तिला हसवलं की अजून भेदरते. तिला अर्धा चमचा, पाव चमचा असं पायजे. ते तुमच्याकडं हाय, बाई."

जिंकायला आले होते, तर तो विजयही यांनी आधीच मला वाटून टाकलेला. मी चिडून म्हणाले, "कळतंय एवढं, तर मग स्वतःच सरळ का लिहीत नाही?"

अप्पा मळायचे थांबले.

"लिहून पाह्यलं. जमत न्हाई. ही अंथरुणाला खिळली तवा मला चहाबी येत नव्हता. बाजेवरून सांगायची. माझा हात लई कापायचा, मग ती कायतरी बोलून हसवायची. भाकरी फाटली की म्हणायची, अहो, भाकरी करा, जिल्ह्याचा नकाशा नको. हसलो की हात कापायचा थांबायचा. कागदावर हाय ते समदं तिचंच बोलणं. सरळ लिहाया बसलो की नुसतं तिचं दुखणंच आठवतं."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि मला पाट दिला. आमच्या घरी इतकी वर्षं मी रांधलं, ह्यांनी खाल्लं. मीठ किती घालतेस, एवढंही कधी विचारलं नाही. मला पुन्हा हेवा वाटला. या खेपेला अप्पांचा नाही, त्यांच्या बायकोचा.

भाकरी कडेने फाटली होती. मास्तरणीचं तोंड गप्प बसेना. "अप्पा, पीठ गरम पाण्यात भिजवत जा. आणि आणखी मळा."

"सांगत जावा, बाई," अप्पा परात माझ्याकडे सरकवत म्हणाले. "आता सांगणारं कुणी न्हाई."

मी बांगड्या मागे सारल्या आणि पिठात हात घातला.