शैलामावशी आणि शाफ्टमधला आंबा

वरच्या मजल्यावरच्या शैलामावशींनी पहिल्याच भेटीत आमच्या घराला साडेचार मार्क दिले आणि आम्ही नवरा-बायको खूश झालो. पाचापैकी साडेचार म्हणजे वाईट काय? केतकीने त्यांना आग्रह करून आणखी एक अनारसा वाढला. आठवडाभराने कळलं की मावशी जर्मन शाळेसारखे मार्क देतात. तिथे एक म्हणजे उत्तम आणि सहा म्हणजे दगड. साडेचार मिळालेल्या मुलाच्या आईवडिलांना शाळेत बोलावून घेतात.

मार्क कशाचे, तर हवेचे. बाई दारातच थांबतात, चप्पल काढायच्या आधी दोन छोटे श्वास घेतात, मग एक मोठा, मग डोळे मिटतात आणि निकाल सांगतात. "हॉल साडेचार. कालची फोडणी, परवाची फोडणी, आणि सोफ्यामागे कुठेतरी ओला टॉवेल." सोफ्यामागे खरंच ओला टॉवेल होता. तो मीच तिथे टाकला होता, पण हे मी अजून केतकीला सांगितलेलं नाही.

ही त्यांची लहर नाही, पोटापाण्याचा धंदा आहे. इथे श्टुटगार्टात गाड्यांच्या आतले सुटे भाग बनवणारी एक कंपनी मावशींना वास घेण्याचा पगार देते. डॅशबोर्डचा तुकडा, सीटमधला फोम, पायाखालच्या गालिच्याची पट्टी असं काहीबाही काचेच्या बरणीत बंद करून गरम करतात. मग चार-पाच जणांचं पॅनेल बसतं, झाकण जरासं सरकवून प्रत्येक जण नाक लावतो आणि एक ते सहा आकडा लिहितो. सांगलीला केमिस्ट्री शिकलेल्या या बाईंना लग्नानंतर इथे आल्यावर बारा वर्षं कोणी नोकरी दिली नव्हती. जर्मन कच्चं, डिग्री परकी. मग एका जाहिरातीत फक्त नाक हवं होतं.

त्या नाकापायी त्या काय काय करतात! अत्तर नाही, गजरा नाही, वासाचा साबण नाही. पॅनेलच्या आदल्या दिवशी कांदा-लसूण वर्ज्य. चातुर्मास पाळणाऱ्या माझ्या आत्यालाही इतकं काटेकोर जमलेलं मी पाहिलेलं नाही. देवघरात उदबत्ती नाही, कारण तिलाही त्यांनी पाच दिलेत. इथल्या मराठी मंडळातल्या एका वहिनींनी एकदा विचारलं, "अहो मावशी, देवाला तरी चालते ना?" मावशी म्हणाल्या, "देवाने कधी मागितल्याचं मला आठवत नाही." त्यानंतर वर्षभर त्या वहिनी त्यांच्याशी बोलल्या नाहीत, आणि मावशींना ते फारसं जाणवलंही नाही.

त्यांचं लाडकं वाक्य एकच. "डोळे मिटता येतात, नाक मिटता येत नाही." कानाडोळा करा असं कोणी सुचवलं की हे वाक्य येतंच.

मंडळातले लोक त्यांना खडूस म्हणतात. मीही म्हणत होतो. आता माझ्यासमोर कोणी म्हटलं तर मी भांडतो, आणि का भांडतो ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमच्या इमारतीत बाथरूमना खिडक्या नाहीत. छताजवळ एक पंखा असतो, तो आतली हवा ओढून एका शाफ्टमध्ये सोडतो आणि तो शाफ्ट तळापासून गच्चीपर्यंत सगळ्यांचा मिळून एक. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, मावशी तिसऱ्यावर. आमचं बाळ झालं त्या सुमारास मी सिगरेट सोडून व्हेप, म्हणजे बॅटरीवरची सिगरेट, असा नवा नाद धरला होता आणि मोठा पराक्रम केल्याच्या थाटात तो रोज सकाळी बाथरूममध्ये, पंखा लावून, केतकीला पत्ता न लागू देता ओढत होतो. फ्लेवर मँगो.

जानेवारीत एका सकाळी बेल वाजली. केतकी बाळाला घेऊन डॉक्टरकडे गेली होती. दारात मावशी.

"अहो पाध्ये, तुमच्या बाथरूममधून माझ्या बाथरूममध्ये आंबा येतो."

"आंबा?"

"हापूस नाही. हापूस असता तर मी तक्रार केली नसती. हा बाटलीतला आहे. साडेपाच."

मी पुणेकर. चूक माझी असली की माझा आवाज चढतो. मी म्हटलं, घर माझं, भाडं मी भरतो, आणि स्वतःच्या घरात ओढायला या देशात बंदी नाही.

"गेनाऊ, अगदी बरोबर," मावशी म्हणाल्या. "कायदा तुमच्याच बाजूने आहे. पण हवेला कुठे माहीत, तुमचं घर कुठे संपतं ते? ती वर येते."

"अहो, नुसती वाफ असते ती!"

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मला सातवीतला गणिताचा पेपर आठवला. मग त्या जिना चढून गेल्या. केतकीला मात्र त्यांनी काही सांगितलं नाही, हे मला मान्य करायला हवं.

नुसत्या वाफेचं उत्तर मला संक्रांतीच्या कार्यक्रमात मिळालं, तेही दुसऱ्याच्या खर्चाने. मंडळाने एक हॉल घेतला होता. बाहेर बर्फ, आत हळदीकुंकू, गुळपोळ्या आणि ऐंशी माणसं. रोहन नावाचा एक नवा इंजिनिअर पोरं खेळत होती त्या कोपऱ्यात उभा राहून निवांत व्हेपचा धूर सोडत होता. मावशी हातातलं वाण बाजूला ठेवून उठल्या आणि त्यांनी हॉलच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. सगळ्या, आणि पूर्ण. जर्मन माणूस दिवसातून दोनदा घरात वारा घेतो तसा तो वारा आत आला. पैठण्यांवरून जॅकेटं चढली. कोणीतरी ओरडलं, "मावशी, थंडी!"

"दहा मिनिटं. थंडीला शाल आहे. ह्याला काय आहे?" आणि त्या रोहनसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

रोहन हसत म्हणाला, "मावशी, ही पाण्याची वाफ आहे. हार्मलेस."

मावशींनी चष्मा काढला. "पाण्याची ना? मग सोड ह्याच्यावर."

त्याने ऐटीत सोडली. काच पांढरी झाली. मावशींनी चष्मा खिडकीजवळ धरला आणि सगळा हॉल वाट बघत राहिला. पांढरेपणा गेला, पण काच काही स्वच्छ होईना. रोहनने शर्टाच्या टोकाने पुसली तर ती आणखीच बरबटली.

"पाणी उडून जातं," मावशी म्हणाल्या. "हे बसतं. बारीक थेंब आहेत हे. त्यात निकोटीन आहे, ग्लायकॉल आहे, तुझ्या आवडीचा वास आहे. काचेवर बसतं तसं बाजूच्याच्या छातीतही जातं. सिगरेटपेक्षा कमी, मान्य. कमी म्हणजे शून्य नाही. त्या कोपऱ्यात दम्याची दोन पोरं आहेत, त्यांना विचारलंस का?"

रोहन म्हणाला, "सॉरी." मग त्याने स्वतःच बेसिनवर जाऊन साबणाने चष्मा धुऊन आणला. मी खिशातला व्हेप मुठीत घट्ट धरून गुळपोळी खात होतो.

एवढं पाहून शहाणा माणूस सुधारला असता. मी मार्चपर्यंत वाट पाहिली.

एका शनिवारी मावशी बाळासाठी लोकरीचं टोपडं घेऊन आल्या. तोवर त्या मला अरेतुरे करायला लागल्या होत्या. त्यांनी बाळाला खांद्यावर घेतलं, दुपट्यात नाक खुपसलं आणि एकदम थांबल्या.

"केतकी, ही दुपटी वाळत कुठे घालतेस गं?"

"बाथरूममध्ये. का हो?"

मावशी माझ्याकडे वळल्या. "निखिल, तू सांगतोस की मी सांगू?"

मी सांगितलं. केतकी दोन दिवस माझ्याशी फक्त बाळामार्फत बोलली. पण मला लागलं ते मावशींचं बोलणं. त्या अजिबात चिडल्या नव्हत्या. बाळाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "हात ठेवून बघ इथे. किती भराभर श्वास घेते. तुझे दोन होतात तेवढ्यात हिचे पाच. वर दुपटं तोंडात घालते. ती उठून दुसऱ्या खोलीत जाऊ शकत नाही रे." मला माझी लाज वाटली. त्या दिवसापासून मी खाली कचऱ्याच्या डब्यांपाशी जाऊन ओढतो. सवय पूर्ण सुटलेली नाही. पण आमच्या दोन्ही मजल्यांच्या बाथरूममधला आंबा संपला.

आता तन्वीबद्दल. तन्वी ही मावशींची एकुलती एक मुलगी, कायझर्सलाउटर्नला मास्टर्स करते. वडील गेले तेव्हा ती बारा वर्षांची होती, म्हणजे त्यानंतर घरात या दोघीच. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. दर महिन्याला एका शुक्रवारी ती यायची. तिची पावलं वाजायच्या आधी जिन्यात थालीपिठाचा वास यायचा, कारण त्या एका दिवशी मावशींच्या नाकाला सुट्टी असे.

ईस्टरला ती आली आणि रात्रीचं न जेवता परत गेली. दुसऱ्या दिवशी मावशी जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांनी एका वाक्यात सांगितलं. "तिच्या खोलीत स्ट्रॉबेरी होती, तुझ्या आंब्यासारखी बाटलीतली. मी म्हटलं, घरात नाही."

झालं, एवढंच. मे गेला, ऑगस्ट गेला, गणपती गेले. दर रविवारी मायलेकींचा फोन व्हायचा, तो मिनिटभर. या, गुट, च्युस, म्हणजे हो, बरं, अच्छा. मंडळात सगळ्यांनी मावशींना शिकवायला घेतलं. हल्लीची पिढी आहे, एकच मुलगी आहे, तुटली तर काय कराल. दिवाळीतही ती आली नाही तेव्हा मीसुद्धा शहाणपणा करायला वर गेलो.

"मावशी, महिन्यातून दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. तिच्या खोलीचं दार लावून घ्यायचं."

"दाराखालून येतं."

"तुमच्या नोकरीसाठी म्हणताय का?"

"नोकरी नसती तरी नाहीच म्हटलं असतं." त्या कप विसळत होत्या, माझ्याकडे पाठ होती. "मला माझ्या घरात श्वास घ्यायला पोटच्या मुलीची परवानगी लागायची असेल, तर मग ते घर कसलं? आज हिला हो म्हटलं तर परवा रोहनला कुठल्या तोंडाने सांगू? आणि तुला?"

मी उठलो. परत निघताना तन्वीची खोली दिसली. पलंगावर धुतलेली चादर, खिडकी सताड उघडी, पडदा बाहेर उडत होता. नोव्हेंबरात, रिकाम्या खोलीत.

"रोज उघडता?"

"सकाळ-संध्याकाळ. बंद खोलीला वास येतो."

मी खाली आलो आणि केतकीला म्हटलं, बाई हट्टी आहे, मुलगी घालवून बसणार. केतकी म्हणाली, "तू तुझं बघ."

पंधरा दिवसांनी, रविवारी दुपारी, मी त्यांचा चिवड्याचा डबा परत द्यायला गेलो. मावशींनी फोन कानाला लावूनच दार उघडलं, ओठांवर बोट ठेवलं आणि मला आत यायची खूण केली. हॉलमधली खुर्ची ओढून बाल्कनीच्या काचेच्या दाराला अगदी चिकटवून ठेवली होती. दार घट्ट बंद. आणि दारापलीकडे, नव्या कोऱ्या वेताच्या खुर्चीत, पायावर गोधडी, मांडीवर गरम पाण्याची पिशवी, टोपी कपाळापर्यंत ओढलेली अशी तन्वी बसली होती. तिच्याही कानाला फोन होता. हातात व्हेप होता आणि तिच्या तोंडासमोरचा पांढरा ढग टेकडीवरच्या घरांकडे निघाला होता. मायलेकी एकमेकींपासून हातभर अंतरावर बसून फोनवर बोलत होत्या.

माझा चेहरा बघून मावशींनी फोनवर तळहात ठेवला. "मीच फोन केला तिला. म्हटलं, घरात नाही म्हणाले होते, येऊ नकोस असं कधी म्हणाले? बाल्कनी मोकळी आहे. खुर्ची आणलीय." मान ताठ होती. "माझा शब्द मी मोडलेला नाही. सांग तुझ्या मंडळाला."

"अहो, पण दार किलकिलं करून बोला की. फोन कशाला?"

"उद्या पॅनेल आहे," मावशी म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "आणि निखिल, पाऊण तास झाला. पाऊण तास बोलतेय ती माझ्याशी. तिथल्या प्रोफेसरबद्दल, कोण एक मुलगा आहे त्याच्याबद्दल. बाबांबद्दलसुद्धा."

त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्यांनी काही खटपट केली नाही. मी डबा टेबलावर ठेवला.

पलीकडे तन्वीने व्हेप बंद करून जॅकेटच्या खिशात टाकला, गोधडीची घडी घातली आणि दाराकडे बोट दाखवून आत येऊ का असं खुणेने विचारलं. ज्याच्यासाठी मावशी आठ महिने सगळ्या जगाशी भांडल्या होत्या, तेच तर झालं होतं. मावशींचा हात कडीकडे गेला आणि तिथेच थांबला.

"ठेवलंस? चांगलं केलंस गं," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "पण थोडा वेळ बाहेरच बस ना. आत आलीस की तू तुझ्या खोलीत जाशील."

काचेपलीकडे तन्वीने आईकडे बघितलं. मग तिने घडी घातलेली गोधडी पुन्हा उलगडली आणि खुर्चीत बसली.