पुतळाबाईंचे अधिकृत गाल

गोष्ट शहाण्णव सालची. बेलापूरच्या नव्या मासळी बाजारात ओटा हवा असल्यास छायाचित्रासह परवाना आवश्यक राहील, असे बाजार कार्यालयाने ठरवले आणि त्यासाठी संगणक आणला. जवळच्या दिवाळे गावच्या पुतळाबाईंनी आजवर मासळी विकूनच घर चालवले होते. सोमवारपर्यंत परवाना झाला नाही तर ओटा दुसरीला जाणार होता. म्हणून नवे लुगडे नेसून, गजरा माळून त्या संगणकाच्या थंडगार खोलीत दाखल झाल्या. चपला बाहेर काढायला लावल्या, तेव्हा सवयीने त्यांनी आत हातही जोडले.

ऑपरेटर सुनयनाने पुतळाबाईंनी आणलेला फोटो स्कॅन केला. पडद्यावर तो चौकटीत गुण्यागोविंदाने बसला. छापल्यावर मात्र पहिल्या पानभर नुसता चेहरा, दुसऱ्यावर मजकूर आणि साहेबांच्या सहीची जागा तिसऱ्या कोऱ्या पानावर.

"कोऱ्या कागदावर आपण सही करत नसतो," हौसेराव साहेब म्हणाले. साताऱ्याचा माणूस, तत्त्वाला पक्का. "फोटो लहान करा."

सुनयनाने माउसने कोपरा धरून ढकलला. फोटो मसुरीच्या डाळीएवढा झाला. साहेबांनी भिंग लावले.

"या डाळीला कुंकू आहे, एवढंच सिद्ध होतंय. नियम काय म्हणतो? चौकट भरली पाहिजे!"

मग सुनयनाने फोटोची उभी उंची बेताची ठेवली आणि उजवी कड धरून जी ताणली, ती चौकट भरेपर्यंत. पुतळाबाईंचे गाल ऐसपैस पसरले, नाकात नथीऐवजी बांगडी मावली असती. साहेबांनी पट्टी लावून माप घेतले आणि समाधानाने मान डोलावली.

"सायब, ही मी नाय!" पुतळाबाई घाबरल्या. "माजी जाऊ पन येवडी जाडी नाय!"

"बाई, फोटो नियमात बसलाय. तुम्ही बसत नाही. चूक कुणाची?"

"पन चेहरा माजा हाय ना?"

"होता. आता तो रेकॉर्डवर आहे."

सुनयनाला दया आली. "सर, परत करू का? दोन्हीकडून सारखा ओढला तर..."

"मंजूर झालेल्या नमुन्याला हात लावायचा नाही. उरलेल्या बायकाही याच मापात ओढा."

सोमवारी बाजार उघडला. ओट्यावर पहिले पापलेट ठेवताना पुतळाबाईंना आनंदाने रडू फुटले. तेवढ्यात हौसेराव पडताळणीला आले. त्यांनी परवाना पाहिला, बाई पाहिली, पुन्हा परवाना पाहिला.

"जुळत नाही. परवाना रद्द..."

पुतळाबाईंनी परवान्यावरच्या फोटोकडे पाहिले. हातचा ओटा चालला! दुसरे काहीच सुचेना, तेव्हा त्यांनी मोठा श्वास घेतला आणि गाल टम्म फुगवले.

"हां, आता जुळतंय!" साहेब खूश झाले.

हे पाहताच पुढच्या ओट्यापासून थेट दरवाजापर्यंत सगळ्या कोळणींचे गाल फटाफट फुगले. गिऱ्हाइके भाव विचारून दमली, पण साहेब असेपर्यंत एकीलाही तोंड उघडता येईना. हौसेरावांनी अहवालात नोंदवले की, संगणकीकरणामुळे बाजारातील आरडाओरडा पूर्णतः बंद झाला आहे.

हसू आले? खुशाल हसा. फक्त खिशातले तुमचे ओळखपत्र जरा बाहेर काढून बघा. त्यावरचा तो अनोळखी इसम पाहून खिडकीतल्या बाबूने "हे तुम्हीच का?" असे विचारले, तेव्हा "नाही" म्हणालात का? तुम्ही तर लगेच तसेच तोंड करून दाखवलेत.