एक तिकीट, चार मिनास

विमानाचं स्वस्त तिकीट कसं काढावं, हे मला शिकवू नका. मी बंदरावर बोटीची तिकिटं विकतो, एकोणीस वर्षं. तिकीट या विषयात आमच्या बेटावर माझा शब्द शेवटचा.

म्हणूनच समुद्रापलीकडच्या सार्डिनिया बेटावरच्या एका गावाने मेंढपाळांच्या वाद्यांच्या महोत्सवाला आम्हा चौघांना बोलावलं, तेव्हा मी सगळ्यांसमोर छाती पुढे काढून सांगितलं, "चौघांना जाऊन-येऊन दोन कोकरांच्या किमतीत नेतो. फक्त मला कुणी घाई करायची नाही."

चौघे म्हणजे आजोबा आणि त्यांना साथ करणारे आम्ही तीन चुलतभाऊ. आजोबा ब्याऐंशीचे, लिरा वाजवतात. गुडघ्यावर उभी धरायची तीन तारांची सारंगीच म्हणा. बेटावरचं एकही लग्न त्यांनी सोडलं नाही आणि बेट सोडून कुठेही वाजवलं नाही. "एकदा परक्या माणसांपुढे वाजवायचंय," ते म्हणायचे. "आपले लोक काय, दारू प्यायल्यावर बोक्यालाही दाद देतात." तारखा ठरलेल्या होत्या, आणि आजोबांचे गुडघे पुढच्या वर्षापर्यंत थांबतील याची कुणी हमी देत नव्हतं.

तर मी अभ्यासाला बसलो. मला जात्याच खोड आहे, एखादी गोष्ट अशी का, हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. सकाळी एकसष्ट युरो असलेलं तिकीट दुपारी चौऱ्याहत्तर का होतं? मंगळवारी उतरतं ते का? माझ्या फोनवर एक भाव, बायकोच्या फोनवर दुसरा, तो का? तीन आठवडे मी वही घेऊन बसलो. आजी सेवास्ती म्हणाली, "तुझ्या आजोबाने मला मागणी घालताना इतका विचार केला नव्हता."

आणि एके दिवशी गुपित सापडलं. एक जागा मागितली की एकसष्ट युरो. चार एकदम मागितल्या की प्रत्येकी एकशे अठरा! यंत्राला वाटायचं, कुटुंब निघालंय, कापा यांना. मी मनात म्हटलं, थांब लेका, तुला बंदरावरचा माणूस भेटलाय. चार दिवसांत चार वेगवेगळी तिकिटं काढली, एकेक करून. चारही एकसष्टने.

त्या दिवशी मी आमच्या चौघांतल्या पाववाल्या मिनासच्या दुकानात सगळ्यांना कॉफी पाजली.

पाचव्या दिवशी विमान कंपनीचं पत्र आलं. भाषा इतकी गोड की मी आधी खूशच झालो. 'प्रिय मिनास कोंडोपानोस, आपण नजरचुकीने एकाच विमानाचं तिकीट चारदा काढलेलं दिसतं. काळजी नसावी. जादा तीन तिकिटं आम्ही रद्द केली असून पैसे परत पाठवले आहेत.'

आता यात नजरचूक कुणाची? आमच्याकडे थोरल्या मुलाला त्याच्या आजोबाचं नाव ठेवतात. आजोबा मिनास कोंडोपानोस. त्यांना तीन मुलगे. तिघांनीही थोरल्याचं नाव मिनास ठेवलं, दुसरं ठेवलं असतं तर आजोबांनी बारशाचं जेवण टाकून दिलं असतं. बेटावर काही अडत नाही. एक पाववाला मिनास, एक शेळीवाला मिनास, मी तिकीटवाला. ओळखपत्रावर बापाचं नावही असतं. पण त्या यंत्राने ना बाप विचारला, ना शेळ्या.

भाव पाहिला. दोनशे चाळीस. मी कंपनीला फोन लावला. तिघेही माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिले, मागोमाग आजीही.

"आपलं नाव?" पलीकडून बाईने विचारलं.

"मिनास कोंडोपानोस."

"हो, आपलं तिकीट पक्कं आहे."

"माझं पक्कं आहे हो. बाकीची तीन?"

"तीही आपलीच होती."

"नाही, ती मिनास कोंडोपानोसची होती."

तेवढ्यात शेळीवाल्याने फोन ओढला. "बाई, मी मिनास कोंडोपानोस बोलतोय."

"साहेब, आत्ताच तर आपलं बोलणं झालं."

"तो मी नव्हतो."

मग पाववाला बोलला, त्याचंही तेच नाव. शेवटी आजोबांनी फोन घेतला आणि दम भरला, "हे सगळे नंतरचे आहेत. खरा मिनास मी."

बाई फार सौम्यपणे म्हणाली, "साहेब, घरात कुणी शहाणं माणूस आहे का? त्यांच्याकडे द्या ना फोन."

आम्ही आजीकडे पाहिलं. तिने 'मला नको' म्हणून हात झटकला, तोवर बाईने फोन ठेवला. पुन्हा भाव पाहिला, तर जागाच संपल्या होत्या.

राहिलं एक तिकीट, आणि ते चौघांपैकी कुणालाही चाललं असतं. भांडण नको म्हणून मी चिठ्ठ्या टाकायचं सुचवलं. चार चिठ्ठ्या लिहिल्या, पाववाल्याच्या टोपीत टाकल्या, आजीने एक उचलली.

"मिनास कोंडोपानोस," तिने वाचलं.

"माझी," आम्ही चौघेही म्हणालो.

आजीने माझ्याकडे असं पाहिलं की एकोणीस वर्षांची नोकरी त्या नजरेत विरघळली. मग तिने चिठ्ठी आजोबांच्या खिशात कोंबली. "ज्याच्या नावापायी हा घोळ झाला, तो जाईल."

आजोबा गेले. जन्मात पहिल्यांदा विमानात बसले, लिरा कापडात गुंडाळून पायाशी. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघे पाववाल्याच्या दुकानात फोनला कान लावून बसलो. त्यांनी वाजवलं. नंतर पलीकडे इतका वेळ टाळ्या वाजत होत्या की शेळीवाला उठून बाहेर गेला आणि डोळ्यांत पीठ गेलं म्हणाला. मलाही रडू आलं. आम्ही तिथे त्यांच्या शेजारी असायला हवं होतं.

संध्याकाळी आजोबांनी फक्त मला फोन केला. "एकटा आहेस का? इथली महोत्सवाची बाई विचारतेय, आम्ही तुम्हाला चार फुकट तिकिटं पाठवली होती, ती का वापरली नाहीत?"

चौघांनीही त्यांना माझाच ईमेलचा पत्ता दिला होता, कारण पत्रं मीच बघतो. दोन महिन्यांपूर्वी महोत्सवाकडून इटालियनमधली चार पत्रं आली होती. चारही मिनास कोंडोपानोसच्या नावाने. मी हसलो होतो. म्हटलं, काय गबाळे लोक आहेत, एकच पत्र चारदा पाठवतात. तीन पुसून टाकली, आणि चौथं शेवटपर्यंत वाचलं नाही, कारण मला भाव बघायचे होते.

"मी कुणाला सांगत नाही," आजोबा म्हणाले. "पण तूही सांगू नकोस."

मला कुठे राहवतं? तेव्हा वाचकहो, हे चुकून आमच्या बेटावर पोचलं आणि माझ्या भावांनी विचारलं की कुणी लिहिलं, तर खुशाल खरं नाव सांगा. मिनास कोंडोपानोस.