बिननावाची एकच जागा

"अगं, राष्ट्रसंस्थापक सभागृहातच बसलोय आम्ही!" घड्याळजी फोनवर ओरडले. "इथे कुत्र्यांचं प्रदर्शन चाललंय. तुझ्या आईच्या मांडीवर एक येऊन बसलंय!"

"बाबा, ते राष्ट्रसंस्थापक मार्गावरचं. आम्ही राष्ट्रसंस्थापक चौकातल्या सभागृहात आहोत," लेक काकुळतीला आली होती. "लवकर या ना! त्याचे बाबा येतीलच एवढ्यात. त्याच्या थोरल्या भावाच्या वेळी मुलीकडचे उशिरा आले, तर ते तडक उठून गेले. ते लग्न मोडलं ते मोडलंच."

घड्याळजींनी फोन खिशात कोंबला. जन्मभर लोकांची बिघडलेली घड्याळं वेळेवर आणली, आणि लेकीच्या लग्नाच्या बोलणीला स्वतःच उशिरा! त्यांनी बायकोला कुत्र्याखालून सोडवलं आणि दिसेल ती टॅक्सी थांबवली.

"राष्ट्रसंस्थापक चौक. पळव!"

"जुना की नवा?" टॅक्सीवाल्याने शांतपणे विचारलं.

"दोन आहेत?"

"आधी एकच होता हो. मग दुसऱ्या बाजूचे लोक रुसले."

"घरूनच म्हणत होते मी, नीट विचारून घ्या," बायकोने तोंड उघडलं.

"काय विचारायचं, कप्पाळ? शाळा त्यांची, दवाखाना त्यांचा, पूल त्यांचा! ते बिचारे देश स्थापून गेले, आपण मात्र अजून पत्ता शोधतोय!"

नव्या चौकातलं सभागृह रंगकामासाठी बंद होतं. घड्याळजींनी टॅक्सीतूनच पुन्हा फोन लावून स्पीकरवर टाकला.

"बाबा, आमच्यासमोर पुतळा आहे."

"इथेही आहे."

"हात वर केलेला?"

"सगळीकडे हातच वर केलेत गं त्यांनी! दुसरं काहीतरी सांग."

लेक घुटमळली. "म्हणजे... समोर सार्वजनिक शौचालय आहे. निळ्या दाराचं."

"हे आधी नाही का सांगायचं!" टॅक्सीवाल्याने गाडी गर्रकन वळवली. "अख्ख्या शहरात बिननावाची तेवढीच एक जागा उरलीय. त्यांचं नाव तिथे द्यायची कुणाची छाती होणार?"

निळ्या दारापाशी एक जाडजूड गृहस्थ घामाघूम होऊन उभे होते. हातात मिठाईचा खोका होता, चेहरा संतापाने लाल झाला होता.

"तुम्हीही सभागृहच शोधताय का?" घड्याळजींना एकदम आपला माणूस भेटल्यासारखं वाटलं.

"तिसरं! आधी भलत्याच लग्नात शिरलो. तिथे जेवायला बसवत होते मला."

"तेच म्हणतो मी! ही नावं देणारा गाढव एकदा भेटू दे. कान धरून त्याला सगळे चौक फिरवतो की नाही बघा!"

गृहस्थांनी घाम पुसला. बराच वेळ पुसत राहिले.

"नामकरण समितीचा अध्यक्ष मीच आहे," ते म्हणाले.

बायकोने घड्याळजींना कोपराने ढोसलं. पण ढोसून आता काय उपयोग? तेवढ्यात समोरून लेक धावत आली. तिच्यामागे तिचा होणारा नवरा होता.

"बाबा!" दोघं एकदमच म्हणाले. लेक घड्याळजींना म्हणाली आणि मुलगा त्या गृहस्थांना.

घड्याळजींना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मोडलं! आपल्याच जिभेने पोरीचं लग्न मोडलं! त्यांनी हात जोडले.

अध्यक्षांनी लेकीकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, शेवटी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "उशीर मलाही झालाय," ते पुटपुटले. "आता उठून जायचं म्हटलं, तरी आधी आत जाऊन बसावं लागेल." आणि ते एवढ्या मोठ्याने हसले, की टॅक्सीवालाही हसला.

घड्याळजींचा जीव भांड्यात पडला. अध्यक्षांनी प्रेमाने त्यांच्या खांद्यावर हात टाकला.

"आज ही एक जागा होती म्हणून आपण भेटलो, व्याही. हिला असं बेवारशी ठेवणं बरं नाही. पुढच्या बैठकीत ठराव मांडतो. तुमचं नाव देऊ!"

घड्याळजींनी निळ्या दाराकडे पाहिलं. मग लेकीकडे पाहिलं. ती डोळ्यांनीच गयावया करत होती.

"फार मोठा मान दिलात," ते म्हणाले.