ऊन खाणारा पाईप

आमच्या बेलवलीतले जाधवकाका कुणाकडे पाईप बसवायला निघाले की काखेत थर्मास असतो. त्यात चहा नसतो, उकळतं पाणी असतं. काळ्या प्लास्टिकच्या पाईपाचं तोंड त्यात बुडवायचं आणि मऊ झालं की नळाच्या निपलवर चढवायचं. काका कारखान्यातले रिटायर्ड फिटर. शिकवतात फुकट, पण पाईपाला स्वतः हात लावत नाहीत. "मी लावला तर माझा. तू लावलास तर तुझा."

मी उल्हासनगरात हातगाडीपासून दुकानापर्यंत आलेला माणूस. स्वयंपाकघरात नळ घ्यायचा होता. काका फुकट शिकवतात म्हटल्यावर प्लंबरला वाटेला लावलं आणि तिथेच फसलो. बायको तीन आठवडे मोरीतून स्वयंपाकघरात बादल्या वाहत होती.

पहिल्या रविवारी काकांनी पाईप गच्चीवर नुसता पसरून ठेवला. "गुंडाळीत राहून आखडलाय बिचारा. ऊन खाऊ दे." दुसऱ्या रविवारी ढग आले. "आज नको. अंग मोकळं नाय झालं त्याचं."

तिसऱ्या रविवारी काका यायच्या आत मी पाईपाचं तोंड सरळ गॅसवर धरलं. ते वितळून मिटूनच गेलं. काका दारातच थबकले.

"वांगं आहे का ते, भाजायला?"

जळका तुकडा कापला, तर पाईप कमी पडला. पाईपच्या दुकानातल्या शेठशी हुज्जत घालून मी अगदी नेमक्या मापाचा आणला होता.

"थोडा जास्त घ्यायला काय झालं होतं?"

"तुम्ही दोन रविवार फुकट घालवले नसते तर हे झालंच नसतं!"

काकांनी थर्मास काखेत मारला आणि निघून गेले. माझं डोकं तापलेलंच. उरलेलं भांडण करायला मी त्यांच्या मागोमाग घरी गेलो. दार उघडं होतं. ओट्यावर झाकलेली कळशी, शेजारी पेला. नळ कुठेच नव्हता.

"अख्ख्या गल्लीला शिकवता आणि तुमच्याच ओट्याला नळ नाही?"

"हिला म्हटलं होतं, रिटायर झालो की बसवतो. नीट, सावकाश." काका कळशीकडे बघत होते. "तोवर ती खालच्या नळावरून भरून आणायची. मी रिटायर झालो, त्याच्या आदल्या वर्षी गेली. आता एकट्याला एक कळशी पुरते."

माझ्या खिशात मापाचा टेप होता. त्याचं टोक ओट्याला लावून मी खिडकीपर्यंत ओढला.

"राहू दे रे."

मी मापत राहिलो.

"राहू दे म्हटलं ना." मग ते उठले, चष्मा शोधला. "लोंबतोय बघ. सरळ धर."