पहिला पक्का जोड

कूलरचा स्टँड विकत आणायचा नाही, घरीच वेल्डिंग करून बनवायचा, असं प्रफुल्लनं जाहीर केलं, तेव्हा त्याच्या बायकोनं, मेघानं, फक्त एवढंच विचारलं की मग यंदाचा उन्हाळा काढायचा कसा. सेवाग्रामच्या दवाखान्यात नोकरी करणाऱ्या प्रफुल्लनं सुईपेक्षा जाड लोखंड कधी हातात धरलं नव्हतं. पण मोबाइलवर वेल्डिंगचे व्हिडिओ पाहून पाहून त्याचे हात शिवशिवत होते.

वर्ध्याच्या दुकानात त्यानं थेट सगळ्यात मोठ्या मशीनवर हात ठेवला. दुकानदारानं घरचं मीटर कसलं आहे ते विचारलं, आणि उत्तर ऐकून तो हात अलगद उचलून बाजूला केला. हे सुरू केलं तर गल्लीतले पंखे बंद पडतील, असं सांगून त्यानं जेवणाच्या डब्याएवढं, वेल्डिंगचंच इन्व्हर्टर मशीन पुढं सरकवलं. घरी येताना मेघानं ते मांडीवर धरलं. दवाखान्यातून बाळ घरी न्यावं तशी प्रफुल्लनं गाडी खड्डे चुकवत चालवली.

रविवारी त्याची आई, तानाबाई, केळझरला गणपतीच्या दर्शनाला गेली आणि अंगण मोकळं झालं. स्टँडसाठी काढलेले जुन्या शेडचे लोखंडी अँगल गंजलेले होते, वर निळा रंग. गंज आणि रंग काढल्याशिवाय जोड धरत नाही, हे प्रफुल्लला पाठ होतं. ग्राइंडर फिरला, ठिणग्या उडाल्या, खालून चांदीसारखं लोखंड निघालं. त्याला असा हुरूप आला की अँगल संपले तरी हात थांबेना. आईचा लोखंडी पलंग शेजारीच होता. त्याचा पायथाही त्यानं लख्ख करून टाकला.

"पलंग काऊन घासून राह्यले?" मेघानं विचारलं.

"अर्थिंगचा चिमटा लावाले. रंगातून करंट जात नाई."

आधी रॉड चिकटून बसला. मग जोड लागला, पण स्टँड उचलताच सुटला. प्रफुल्लनं करंट वाढवला, हलू नये म्हणून स्टँड पलंगाच्या पायथ्याला टेकवला, काळ्या काचेचा मास्क तोंडावर ओढला आणि मनसोक्त रॉड फिरवला. या वेळी एकूण एक जोड धरला. त्यानं आनंदानं स्टँड ओढून पाहिला. मागोमाग पलंगही आला.

शेजारचे रूपराव मदतीला धावले. दोघांनी दोन बाजूंनी ओढलं, आणि शेवटी रूपरावांनी घाम पुसत जोडाची मनापासून तारीफ केली. कापावं तर ग्राइंडरची चकती पलंग चमकवण्यातच झिजून गेली होती. निदान स्टँड वजन पेलतो का बघावं, म्हणून त्यांनी वर कूलर चढवला. तेवढ्यात तानाबाई उन्हातून परतल्या.

प्रफुल्ल खुलासा करायला पुढं झाला, पण त्या थेट पलंगावर आडव्या झाल्या. मेघानं कूलरमध्ये पाणी ओतून बटण दाबलं. तळपायांना गार हवा लागली आणि तानाबाईंना गाढ झोप लागली. ऊन अंगावर आलं तेव्हा प्रफुल्लनं आणि रूपरावांनी पलंग सावलीत ओढला, तर कूलरही निमूटपणे सोबत आला.

दुसऱ्या दिवशी प्रफुल्ल नवी चकती घेऊन आला.

"हात नोको लावू त्याले," तानाबाई म्हणाल्या. "आता मी जिथं, हवा तिथं."

संध्याकाळी रूपराव स्वतःचा पलंग घेऊन दारात हजर. असाच कूलर आपल्यालाही जोडून पाहिजे, म्हणाले. प्रफुल्लची छाती आधी फुगली, मग हळूहळू खाली आली.

"काका, ते चुकून झालं. मुद्दाम जमंल का नाई, सांगता येत नाई."

रूपरावांनी पलंग अंगणात टेकवला.

"मंग चुकूनच कर," ते म्हणाले. "मले काई घाई नाई."