शेवटचं प्रकरण फाडणारा विल्या

विल्या पोवार जुन्या बाजारातनं साहसकादंबरी विकत आणतो आणि खोलीवर आल्या आल्या पहिलं काम काय करतो, तर तिचं शेवटचं प्रकरण फाडून टाकतो. वाचायच्या आधीच. टर्रकन! मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या हातातला चहा पँटवर सांडला.

"अरे येड्या, शेवट फाडलास की!"

"शेवटाला काय असतंय त्यात?" पानांचा बोळा करत विल्या म्हणाला. "हिरो घरला परत येतोय. आई रडती, बाप खांद्यावर हात ठेवतोय, शेजारपाजारचे पेढं खात्यात. परत आलेला हिरो आपण मानत न्हाय दादू. एकदा निघाला की निघाला!"

मंगळवार पेठेत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि दुकानाच्या वरच्या माझ्याच खोलीत हा विलास पोवार राहतो. वय चाळिशीला टेकलेलं, लग्नाचा पत्ता नाही, डोक्यावर केस कमी आणि डोक्यात वारं जास्त. आठवडाभर लोकांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स डिझाइन करतो आणि उरलेल्या वेळात इंटरनेटवर चित्रकथा काढतो. तिचं नाव 'बुडत न्हाय जा!' कोल्हापूरचं एक जहाज, त्यावर कोल्हापूरचीच माणसं, आणि कॅप्टन कोण, तर हौसाक्का. नऊवारीचा काचा मारून, तोंडात मिश्री धरून ही बाई चाचे लोकांना असल्या शिव्या घालते की ते स्वतःच पाण्यात उड्या मारतात. हे सगळं साहस माझ्या वायफायवर चालतं, हेही जाता जाता सांगून ठेवतो. त्याबद्दल कधी आभार मानलेत? नाव काढू नका.

आता आमच्या विल्यानं समुद्र पाहिलाय का? लहानपणी शाळेच्या सहलीत एकदा, तोही बसच्या खिडकीतनं. त्यामुळं त्याच्या जहाजाला पुढं लिंबू-मिरची टांगलेली असते आणि मागच्या बाजूला उसाच्या ट्रॉलीवर असतो तसा 'आईचा आशीर्वाद' रंगवलेला असतो. एकदा तर त्यानं कहर केला. हौसाक्का दोरानं कळशी सोडते, समुद्राचं पाणी भरून घेते आणि सगळं खलाशी मंडळ ते गटागटा पितं, असं चित्र काढलं! रत्नागिरीच्या एका वाचकानं लिहिलं, "अहो, समुद्राचं पाणी खारट असतं हो!" विल्यानं उत्तर दिलं, "तुमचं असंल." दुसरा कुणी असता तर जीभ चावून गप्प बसला असता. ह्यानं काय केलं, तर पुढच्या भागात सगळ्या खलाशांना उलट्या होताना दाखवल्या. चूक झाली हे चित्रात कबूल करेल, पण तोंडानं? कधीच नाही.

रविवारी सकाळी जेवणाच्या आधी तो मोबाइलसमोर बसून वाचकांशी थेट गप्पा मारतो. विषय एकच, जुन्या साहसकादंबऱ्या. बेटं, वादळं, पुरलेला खजिना, पळून गेलेली पोरं. वाचक खाली लिहितात आणि हा वर ओरडतो. माझ्या गिऱ्हाइकांना वाटतं, वर भांडण लागलंय. पुण्याकडच्या कुणीतरी विचारलं, की कॅप्टन शुद्ध मराठी का बोलत नाही? विल्या म्हणाला, "पावणं, तुम्ही वादळात सापडल्यावर शुद्ध बोलून दाखवा. मग मी लिवतो."

ह्या वाचकांमध्ये एक होता, त्याचं नाव 'एक वाचक'. फोटोच्या जागी म्हैस. डावं शिंग वाकडं. तो ज्या दिवशी पहिल्यांदा आला, त्या दिवशी मी विल्याच्या बाजूलाच बसलो होतो. विल्या बोलता बोलता थांबला आणि त्यानं फोन डोळ्यांजवळ नेला. ती म्हैस मी ओळखत होतो. विल्याच्या आईनं माझ्या फोनवर पाठवलेल्या फोटोत ती होती.

"विल्या, ही तुमची चंद्री न्हवं?"

"म्हशी सगळ्या सारख्याच दिसत्यात," विल्या म्हणाला आणि लगेच कादंबरीतल्या वादळाकडं वळला.

इथं थोडं मागचं सांगायला लागतं. विल्याचं गाव बिद्रीकडं. वडील, म्हणजे आण्णा, साखर कारखान्यात होते. त्यांनी चार लोकांच्या पाया पडून पोराला कारखान्यात चिकटवलं. काट्यावर बसायचं, उसाच्या गाड्यांची वजनं घ्यायची, जन्माची भाकरी. ऐन हंगामात एका सकाळी विल्या काट्यावरनं उठला आणि कुणाला न सांगता कोल्हापूरला आला. बाहेर गाड्यांची ही रांग लागलेली! आण्णांना सगळ्यांपुढं मान खाली घालायला लागली. "ह्या घरात त्याचं आता काय न्हाय," असं ते म्हणाले, आणि "मला तरी कुठं काय पायजे," असं हा म्हणाला. तेव्हापासून बापलेकात बोलणं बंद. आई फोन करते, आण्णा शेजारी बसून पेपर वाचायचं नाटक करतात.

आणि आता हे! बाप म्हशीच्या आडून रविवारी यायचा, लेक समोर बसून त्याला 'पावणं' म्हणायचा. अख्ख्या गल्लीला माहीत होतं, निम्म्या वाचकांना माहीत होतं. फक्त ह्या दोघांनी माहीत नसल्याचा हट्ट धरला होता. मला तर दोघांच्याही कानाखाली वाजवावीशी वाटायची.

भांडण नेहमीचं ठरलेलं. विल्या एखाद्या कादंबरीतल्या, घरातनं पळून गेलेल्या पोराचा विषय काढायचा, की म्हैस लगेच हजर.

"बापाचं ऐकलं असतं तर बेटावर कच्चं मासं खायची पाळी आली नसती."

"ऐकलं असतं तर कादंबरी झाली असती व्हय? बापाच्या मळ्यात नुसता ऊस झाला असता!"

"उसाला काय झालं?"

"उसाला काय न्हाय झालं पावणं. पर उसावर कोण कादंबरी लिवत न्हाय!"

"साखर मात्र सगळी खात्यात."

वाचक हसून लोळायचे. विल्या रागानं लाल व्हायचा, पण गप्पा संपल्यावर तेवढंच भांडण मला परत तीनदा सांगायचा. "बघितलंस कसं बोलतंय ते? लई आडमुठं हाय!" असं म्हणताना त्याचा चेहरा मात्र जत्रेत जाऊन आल्यासारखा झालेला असायचा.

एकदा मात्र म्हशीनं वेगळंच विचारलं. "त्या पळून गेलेल्या पोराला बोटीवर येळेवर जेवाय मिळतं का?"

विल्यानं फोन जवळ ओढला. मग हळू आवाजात म्हणाला, "मिळतं. खाणावळ बरी हाय. आमटी जरा पातळ असती."

जहाजावर खाणावळ! वाचकांनी त्याची अशी काही टर उडवली की विचारू नका. पुढच्या आठवड्यात हौसाक्काच्या जहाजावर खाणावळ निघाली. पाटी होती, 'घरगुती जेवण मिळेल'. तेव्हा मी वर जाऊन त्याला म्हटलं, "लेका, नाटकं बास कर आणि एकदा घरी जाऊन ये."

"मी कशाला जाऊ? बापानं दार लावलंय. जहाज काय माघारी वळत न्हाय."

"जहाज तूच काढतोस की! वळीव!"

त्यानं मला खोलीबाहेर काढलं. माझ्याच खोलीतनं मला!

गेल्या हंगामात एका रविवारी म्हैस आली नाही. विल्यानं मनावर न घेतल्यासारखं केलं. पुढच्या रविवारीही आली नाही. आठवडाभर त्यानं फ्लेक्सवर एका पुढाऱ्याला दुसऱ्याचंच नाव दिलं, माझ्या बायकोवर विनाकारण खेकसला, आणि आईला फोन कर म्हटलं तर म्हणाला, "एक वाचक गेला म्हणून काय झालं? हजार पडल्यात!"

तिसऱ्या रविवारी मी मुद्दाम वर जाऊन बसलो. त्यानं पुन्हा तेच प्रकरण काढलं, पोरगा बापाचं न ऐकता निघतो ते. आवाज चढवून म्हणाला, "बोला, कुणाचं चुकलं?" खाली धडाधड उत्तरं आली. बापाचं चुकलं. बाप जुन्या वळणाचा. बापाला पोराची स्वप्नं कळतच नाहीत. सगळेच्या सगळे पोराच्या बाजूनं. विल्या फोनवर बोट वर-खाली फिरवत होता, पण वाकडं शिंग काही दिसेना.

आणि मग तो भडकला. वाचकांवरच!

"का रं? त्या बापाची बाजू घ्यायला एक बी माणूस न्हाय व्हय तुमच्यात? बाप काय खुळा हुता? त्यानं चार दारं हिंडून पोराची सोय लावलीती! पोरगं न सांगता निघून गेलं, तवा मागं लोकांपुढं उभं कोण ऱ्हायलं? तुमचा हिरो तवा बोटीत वारं खात बसलाता! कुणीतरी म्हणा की, की बापाचं ऐकाय पायजे हुतं! म्हणा की!"

मला त्याची दया आली आणि रागही आला, आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. विल्याची आई होती. आण्णांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आणि डोळा चिघळल्यानं पंधरा दिवस झाले तरी पट्टी सुटली नव्हती. विल्याला कळवायचं नाही अशी आण्णांची सक्त ताकीद होती. दुसरा डोळा आधीच गेल्यात जमा, त्यानं नुसता उजेड कळतो. डॉक्टरांनी मोबाइल बघायचा नाही म्हणून सांगितलेलं. "रविवार आला की घर डोक्यावर घेत्यात रं," ती म्हणाली. "फोनवर त्येच्या गप्पा लाव म्हणत्यात, मला ते लावाय येत न्हाय. सकाळपास्नं तोंडात काय घेतलं न्हाय."

मी फोन ठेवला आणि सगळं विल्याला सांगितलं, हजार वाचकांच्या देखत. त्यानं निरोपसुद्धा न घेता मोबाइल बंद केला.

"मला काय त्याचं," तो म्हणाला. चप्पल शोधत होता. एक माझी घातली, एक त्याची. "गाडी काढ."

वाटेत उसाच्या ट्रॉल्यांनी जीव खाल्ला. मागं बसून विल्या सारखा बडबडत होता. आत येणार नाही. उंबऱ्यावरनं बघणार आणि वळणार. आपण माघार घेतली असं कुणी समजू नये. मी म्हटलं, नाही समजत बाबा, पण माझा खांदा सोड, दुखतोय.

आण्णा बाहेरच्या सोप्यात खाटेवर बसले होते. एका डोळ्यावर पांढरी पट्टी, वर काळा चष्मा, समोर झाकलेलं ताट. चपलांचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली.

"कोण आलंय?"

अख्ख्या महाराष्ट्राला वरच्या पट्टीत ऐकवणारा आमचा विल्या उंबऱ्यात खांब धरून उभा राहिला. ओठ नुसते हलत होते. आई सांगायला पुढं झाली, तर आण्णांनी हात वर करून तिला थांबवलं. दाराच्या दिशेनं त्यांनी कान लावला.

"आवाज येईना," आण्णा म्हणाले. "नेट गेलं काय?"

विल्याला रडूही आलं आणि हसूही आलं. बाहीनं तोंड पुसत तो म्हणाला, "आता येतोय का?"

"येतोय. पर लांबनं येतोय." आण्णा खाटेवर जरा सरकले आणि हातानं शेजारची जागा चाचपून मोकळी केली. "हितं बस."